कारभाऱ्यांच्या प्रश्नावर मंडळाचं मत

नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, एका बँकेच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे खनिज-धातू मंडळाची जालना शाखा होती. नाव मोठं आणि खोल्या लहान. आमच्या जिल्ह्यात खाण अशी नाही, त्यामुळे नावातलं 'खनिज' पाटीवरच राहिलं होतं. पण भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल गावाबाहेर एकामागून एक उभ्या राहत होत्या. तिथले इंजिनीयर, रसायन तपासणारे, एखाददुसरा मालक असे लोक मंडळाचे सभासद होते. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सभा भरायची. कोणी निबंध वाचायचा, कोणी आपल्या कारखान्यातली अडचण मांडायचा, फळ्यावर आकृत्या निघायच्या आणि शेवटी चहा-भजी.

मी धातूतला माणूस नव्हे. शाळेत रसायन शिकवून निवृत्त झालो होतो. मंडळाला पुस्तकांची कपाटं सांभाळायला आणि सभेचा वृत्तांत लिहायला माणूस हवा होता, मला पुस्तकांजवळ बसायला जागा हवी होती. माझं नाव भालचंद्र, पण तिथे सगळे मला मास्तरच म्हणत. सभेत मी बोलत नसे. एकदा आभार मानायला उभा राहिलो आणि पाहुण्यांचं नावच विसरलो. तेव्हापासून आभारांचं काम दुसऱ्याकडे गेलं, त्यात पाहुण्यांचीही सोय झाली.

हे सगळं मला जसं आठवतं तसं लिहितो आहे. मंडळातल्या दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर अधिक बरं झालं असतं, पण कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मंडळाची एक पद्धत होती. आमचे अध्यक्ष नरहरराव यांनी ती घातलेली. ते सरकारी पोलाद कारखान्यात सगळी नोकरी करून म्हातारपणी जालन्याला परतले होते. त्यांचं म्हणणं असं की, जो मंडळाकडे प्रश्न घेऊन येईल, तो सभासद असो वा नसो, त्याला पहिल्या खुर्चीवर बसवायचं, नारळ आणि फूल द्यायचं आणि त्याच्यासमोरच चर्चा करायची. त्याच्या पाठीमागे एक शब्द बोलायचा नाही. शेवटी सगळ्यांचं मिळून एकच मत ठरवायचं, फळ्यावर लिहायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. कोणाची ओतीव चाकं तडकत, कोणाच्या भट्टीचं अस्तर लवकर जाई. अशी माणसं येत आणि मानानं खूश होऊन जात.

१९९७ च्या उन्हाळ्यात कारभारी आले.

दुपारची वेळ होती. मी कपाटांवरची धूळ झटकत होतो. दारात धोतर-टोपीतले एक उंच गृहस्थ उभे होते. चपला बाहेर काढाव्यात की आत आणाव्यात हे न कळल्यामुळे त्यांनी त्या हातात धरल्या होत्या.

"लोखंडाचं सारं समजतं ते हेच हापिस का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, समजणारे लोक रविवारी येतात, मी निवृत्त मास्तर, नुसती पुस्तकं सांभाळतो. तरी ते आत आले, बाकावर बसले आणि मुलाचं नाव सांगितलं. बद्रीनाथ, केदारखेड्याचा. मग पुढे काही सांगायची गरज नव्हती. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

बद्रीनाथ एका कारखान्यात भट्टीत भंगार टाकायच्या कामावर होता. भट्टीच्या तोंडाशी कधीकधी भंगार एकमेकांत अडकून त्याचा थर जमतो. वरून तो घट्ट दिसतो, पण खाली लोखंड पाण्यासारखं पातळ असतं. तो थर लांब सळईनं फोडायचा असतो. त्या दिवशी तो फुटेना, म्हणून बद्रीनाथनं भट्टीच्या कडेला उभं राहून त्यावर एक पाय दिला आणि जोर लावला. असा पाय देणारा तो पहिला नव्हता, तिथे सगळेच देत. त्याच्या वेळी थर खाली बसला.

वितळलेलं लोखंड भट्टीतच थंड होऊ दिलं तर भट्टी निकामी होते. घाबरलेल्या माणसांनी रोजच्या सवयीनं रोजचंच काम केलं आणि लोखंड साच्यांत ओतून टाकलं. त्याच्या इंगटी झाल्या. इंगट म्हणजे लोखंडाचा लांबट ठोकळा. उभा केला तर माणसाच्या छातीला लागेल, आणि उचलायला दोघं पुरत नाहीत. त्या सगळ्या इंगटी कारखान्याच्या आवारात एका कोपऱ्यात पडून होत्या. कामगार तिकडून जायचं टाळत. कोणीतरी त्यांच्यावर हळदकुंकू वाहून गेलं होतं.

कारभाऱ्यांनी सांगितलं, पोलिसांनी पंचनामा केला, सही घेतली आणि घरी जा म्हणाले. घरी काय घेऊन जायचं ते कोणी सांगितलं नाही.

"मास्तर, वासरू मेलं तर कातडं तरी राह्यतं," ते म्हणाले. "माझ्या पोराचं काय राह्यलं? त्या लोखंडात तो हाये का न्हाई, एवढंच सांगा. हाये तर घेऊन जातो, अग्नी देतो. न्हाई तर न्हाई म्हणा. बद्रीच्या मायनं घरात चूल पेटवू दिली न्हाई अजून. म्हणती, आधी त्याला अग्नी, मंग चुलीला."

मी म्हटलं, हा प्रश्न मी रविवारच्या सभेपुढे ठेवतो. ते उठले, कपाटांकडे बघत थोडा वेळ थांबले.

"एवढी पुस्तकं," ते म्हणाले, "अन् माणूस पडल्यावर काय होतं ते कोन्ही लिव्हलं न्हाई?"

मी शोधतो म्हटलं. त्या आठवड्यात खरंच शोधलं. कोळशाबद्दल होतं, खनिजांबद्दल होतं, भट्टीच्या अस्तरावर तर अख्खे ग्रंथ होते. माणसाबद्दल नव्हतं.

रविवारी कारभारी धुतलेले कपडे घालून आले. पद्धतीप्रमाणे नरहररावांनी त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं, नारळ हातात दिला आणि गुलाबाचं फूल दिलं. देताना त्यांचाच हात घुटमळला, पण पद्धत म्हणजे पद्धत. कारभाऱ्यांनी नारळ मांडीवर ठेवला आणि फुलाचं काय करावं ते न कळून ते सभाभर दोन बोटांत धरून बसले.

सुरुवातीला सगळे उभे राहिले, शांत राहिले. मग चर्चा सुरू झाली. पहिली काही वाक्यं फार जपून बोलली गेली. 'कैलासवासी' म्हणून झालं, 'दुर्दैवी घटना' म्हणून झालं. पण आमचे लोक होते भट्टीवाले. प्रश्न एकदा हातात आला की तो कोणाचा आहे हे त्यांच्या ध्यानात राहत नसे.

साहेबराव त्या कारखान्याचे भागीदार होते आणि मंडळाचे सभासदही. ते म्हणाले, सोळाशे डिग्रीत काय उरणार? वाफ आणि धूर, दोन्ही वर गेले, लोखंड आहे तसंच आहे. भुजंग नावाचा तरुण इंजिनीयर दुसऱ्या एका भट्टीवर होता. त्याला हे पटलं नाही. पाणी उडून जाईल, तो म्हणाला, पण हाडांतला चुना कुठे जाईल? तो उठून फळ्यापाशी गेला. कुठलाही हिशोब मांडताना भट्टीत काय काय टाकलं ते आधी लिहायचं, ही त्याची सवय. त्यानं वर लिहिलं, 'भट्टीत टाकलेला माल'. खाली लिहिलं, 'भंगार'. त्याखाली, 'स्पंज आयर्न'. त्याखाली, 'माणूस, एक'.

मग त्याचं त्यालाच दिसलं. खडू हातात धरून तो तसाच उभा राहिला.  त्यानं पुसायला हात उचलला.

"पुसू नका," कारभारी म्हणाले. त्यांना वाचता येत होतं. "बराबर हाये ते. पुढं सांगा."

भुजंगनं पुढे सांगितलं, पण फळ्याकडे पाठ करून आणि अगदी हळू आवाजात. चुना वर तरंगणाऱ्या मळीत जातो. मळी खरवडून टाकतात. म्हणजे हाडं मळीत गेली. मळी कुठे आहे, असं नरहररावांनी विचारलं. साहेबराव म्हणाले, मळी रस्त्याच्या भरावाला जाते, त्याच आठवड्यात गेली.

यानंतर अरुंधतीबाई उठल्या. त्यांची नवीन जालन्यात लोखंड तपासायची प्रयोगशाळा होती. प्रत्येक भट्टीतून ओतण्याआधी पळीभर लोखंड काढतात आणि त्याचा नमुना तपासायला पाठवतात. मालक अरुंधतीबाईंच्या रिपोर्टवर भांडत, चिडून तोच नमुना औरंगाबादला तपासून आणत आणि तिथेही तेच निघे. त्या दिवशीचा नमुनाही नेहमीसारखा त्यांच्याकडे आला होता. अपघाताची बातमी त्यांना कळली तेव्हा तपासणी होऊन गेली होती.

त्या म्हणाल्या, हाडांत चुन्याबरोबर फॉस्फरस असतो. आपल्या भट्ट्यांचं अस्तर ज्या जातीचं आहे त्यात फॉस्फरस मळीत जात नाही, लोखंडातच राहतो. या लोखंडातला फॉस्फरस त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या लोखंडापेक्षा जास्त आहे.

"भंगारात कमीजास्त असतोच की, बाई," साहेबराव म्हणाले. "एखादं जुनं इंजिन आलं की वाढतो. इंजिनालाही मग अग्नी द्या."

 अरुंधतीबाई म्हणाल्या, "असतो कमीजास्त. हा त्याहून जास्त आहे. मला विचाराल तर हा भंगारातला नाही."

"म्हणजे ते लोखंड मी आता देव्हाऱ्यात ठेवू का?"

"निदान बाजारात ठेवू नका," नरहरराव म्हणाले.

मत ठरलं. भुजंगनं लिहिलेलं पुसून नरहररावांनी स्वतः फळ्यावर लिहिलं आणि उभं राहून वाचलं: या लोखंडात मयताचा अंश आहे. ते विकलं जाऊ नये. त्यातला काही भाग घरच्यांना अंत्यसंस्कारासाठी देण्यात यावा. साहेबराव सोडून सगळ्यांचे हात वर झाले. शेवटी त्यांचाही झाला.

कारभाऱ्यांनी विचारलं, तो कोणत्या इंगटीत आहे?

"सगळ्यांत, काका," अरुंधतीबाई म्हणाल्या. "थोडा थोडा."

ते विचार करत राहिले. "सगळ्या न्यायच्या म्हणलं तर ट्रक लागंल," ते म्हणाले. "मंग एकच द्या."

त्या दिवशी चहा तसाच राहिला. पण जिना उतरताना आमचे लोक ताठ उतरले. मालकासमोर खरं बोललो, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून एक इंगट ट्रॅक्टरवर चढवून केदारखेड्याला गेली. मी गेलो नाही. मी कुणाच्या अंत्ययात्रेला जातो तेव्हा कुठे उभं राहावं ते मला समजत नाही. तिथं काय झालं ते कारभाऱ्यांनीच सांगितलं, ते परत आले तेव्हा. तोवर उन्हाळा चांगलाच तापला होता.

गावातल्या लोकांनी नदीकाठी सरण रचलं. इंगटीला नवं कापड गुंडाळलं, हार घातला आणि सहा जणांनी ती सरणावर ठेवली. कारभाऱ्यांनी अग्नी दिला. लाकडं जळली. इंगट तापून लाल झाली, लोक मागे सरकले. मग लाकडांची राख झाली आणि इंगट निवत निवत पुन्हा काळी झाली. जशी ठेवली होती तशीच. कापड तेवढं गेलं.

गुरुजी अस्थी गोळा करायला आले तर गोळा करायला काही नव्हतं. राख होती ती लाकडांची. गुरुजींनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, दहन झालं नाही. दहन नाही तर दहावा नाही, तेरावा नाही.

"मी म्हणलं, मंग उपाय सांगा," कारभारी म्हणाले. "तर म्हणले, परदेशात मेला, पुरात वाहून गेला, देह सापडलाच न्हाई, तर पळसाच्या देठांचा पुतळा करतात अन् त्याला अग्नी देतात. म्हणलं, करा. तर म्हणले, कसा करू? देह सापडला न्हाई असं कुठं हाये? मंडळाच्या विद्वानांनी सांगितलं की यात हाये. देह समोर पडल्याला असताना पुतळा चालत न्हाई. मास्तर, गुरुजींचं बी चुकत न्हाई."

मी विचारलं, इंगट कुठे आहे?

ते खाली बघत म्हणाले, घरी आहे. बद्रीच्या आईनं, गोजरबाईंनी, ती घरी आणायला लावली. ओसरीवर बद्रीच्या वाकळीवर ठेवली. सकाळी उन्हात पाणी तापवतात आणि तिला आंघोळ घालतात. पहिल्या दिवशी आंघोळ घातली तर दुपारपर्यंत तांबूस गंज चढला, तेव्हापासून पुसून वर करडीचं तेल लावतात. बद्री लहान असताना त्याचं अंग कोरडं पडायचं, तेव्हाही त्या करडीचंच तेल लावत. जळला नाही तो मेला कसा म्हणायचा, असं त्या म्हणतात. चूल अजून पेटलेली नाही. शेजारणी भाकरी आणून देतात, ती त्या इंगटीपुढे ठेवतात आणि थोड्या वेळानं स्वतः चतकोर खातात.

"तुम्हीच म्हणले हाये," कारभारी म्हणाले. "आता तुम्हीच न्हाई म्हणा. तिला सांगा, गुरुजीला सांगा. पुतळा तरी जळू द्या."

मी नरहररावांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले की, नवा पुरावा आल्याशिवाय मंडळाचं मत बदलता येत नाही. आपण आज दयेनं नाही म्हटलं तर उद्या कोणी भीतीनं नाही म्हणेल. "त्यांना म्हणावं, मी स्वतः येऊन त्यांच्या पाया पडतो," ते म्हणाले, "पण खोटं फळ्यावर लिहू शकत नाही."  ते चुकीचं बोलले असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आताही येत नाही.

मग मी प्रयोगशाळेत गेलो. अरुंधतीबाईंना सगळं सांगताना मी दोनदा अडखळलो. त्यांनी हात धुतले, पर्स घेतली आणि मदतनिसाला सांगितलं की आज नमुने घेऊ नकोस.

भोकरदनकडे जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही मागे बसलो होतो. राजूरच्या पुढे त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "मास्तर, फॉस्फरस दुसऱ्या कशामुळेही वाढू शकतो ना?" मी म्हटलं, वाढू शकतो. त्या म्हणाल्या, "पण नव्हता वाढला." नंतर केदारखेडा येईपर्यंत त्या बाहेर बघत राहिल्या.

गोजरबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी वाकळीवर ती इंगट होती. तेलामुळे तिच्यावर सावळी झाक आली होती. ऊन तिच्यावर येऊ नये म्हणून खांबाला लुगडं बांधलं होतं. आम्हाला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि अरुंधतीबाईंना जवळ बसायला जागा करून दिली. मी पायरीशी उभा राहिलो. कारभारी आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. ते दाराआड उभे होते, त्यांच्या धोतराचा सोगा दिसत होता.

अरुंधतीबाई म्हणाल्या, "मावशी, हे तपासणारी मीच. माझं चुकलं. यात बद्री नाही. हे नुसतं लोखंड आहे."

गोजरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तवा तर हाये म्हणली व्हतीस, माय."

"चुकून म्हणाले. पुन्हा तपासलं."

"मंग कुठं हाये तो?"

याचं उत्तर आम्ही ठरवून आलो नव्हतो. अरुंधतीबाईंनी इंगटीवर हात ठेवला, लगेच काढून घेतला. "पडला त्याच क्षणी धूर होऊन वर गेला," त्या म्हणाल्या. "काही उरलं नाही, मावशी. काहीच नाही."

 अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. मग गोजरबाई अगदी साध्या आवाजात, हिशोब लागत नसल्यासारखं म्हणाल्या:

"मंग मी इतके दिस कुणाला न्हाऊ घालून राह्यले?"

 त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि इंगटीवरचं तेल पुसायला लागल्या. एका बाजूनं पुसलं, दुसऱ्या बाजूनं पुसलं, कोपरे पुसले. अरुंधतीबाईंनी त्यांचा हात धरायला पाहिलं, तो त्यांनी हलकेच बाजूला केला. सगळं तेल पुसून झाल्यावर त्यांनी कारभाऱ्यांना हाक मारली आणि म्हणाल्या, "हे काढा इथून. माझ्या लेकराची वाकळ हाये ती."

चार माणसांनी इंगट उचलून गोठ्याकडे नेली. गोजरबाईंनी वाकळ झटकली, तिची घडी केली आणि मांडीवर घेऊन बसल्या.

पुढे मंडळात काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण मला शेवटी दुसरं सांगायचं आहे. केदारखेड्याची गोष्ट जालन्याला यायला वेळ लागला नाही. साहेबराव म्हणाले, तपासणाऱ्या बाईच आता नाही म्हणतात, मग आम्ही माल का अडकवून ठेवायचा? आवारातल्या इंगटी उचलल्या गेल्या आणि त्यांच्या सळया झाल्या. कुठे गेल्या कोणाला माहीत नाही. गेल्या असतील घरांत, पुलांत. पुढच्या सभेत नरहररावांनी अरुंधतीबाईंना उभं करून विचारलं, तुमचं खरं मत कोणतं? त्या म्हणाल्या, पहिलंच. मग दुसरं का सांगितलं, असं विचारल्यावर त्या खाली बसल्या. पुन्हा कधी सभेला आल्या नाहीत. वर्षभरात प्रयोगशाळाही विकली. माझी त्यांची भेट कधी बाजारात व्हायची, तेव्हा आम्ही पुस्तकांबद्दल बोलायचो.

पुतळ्याला अग्नी द्यायच्या दिवशी मात्र आम्ही दोघं तिथे होतो. गुरुजींनी अरुंधतीबाईंना समोर बसवून पुन्हा एकदा विचारलं होतं, देह खरंच नाही? त्यांनी पुन्हा नाही म्हटलं होतं. गुरुजींनी डोळे मिटून मान हलवली होती. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मी सांगू शकत नाही.

नदीकाठी तीच जागा होती, पहिल्या सरणाची काळी खूण अजून दिसत होती. गुरुजी पळसाचे देठ मांडत होते. डोक्याला नारळ, मग गळ्याचे देठ, मग हातांचे, छातीचे. कुठल्या अवयवाला किती देठ हे शास्त्रात ठरलेलं असतं, ते मोजून बाजूला ठेवलेले होते. हळूहळू जमिनीवर माणसाचा आकार झाला. आमच्याकडे बायका सहसा तिकडे येत नाहीत. गोजरबाई आल्या, त्यांना कोणी अडवलं नाही. त्या पुतळ्याच्या पायांशी उभ्या राहून बघत होत्या.

"आखूड झाला," त्या म्हणाल्या. "माझा बद्री उंच व्हता. बापावानी."

गुरुजींनी वर पाहिलं. मोजलेले देठ संपले होते. त्यांनी क्षणभर कारभाऱ्यांकडे बघितलं, मग शेजारच्या ढिगातून आणखी देठ घेतले आणि दोन्ही पाय लांब केले. गोजरबाई म्हणाल्या, थोडं अजून. त्यांनी अजून केले. मग गोजरबाईंनी ती वाकळ त्याच्या अंगावर घातली आणि पायाकडून नीट खोचली.

कारभाऱ्यांनी गवताचा पेटता पुंजका लावला. उन्हाळ्याचे वाळलेले देठ, वर जुनी कापडं आणि नदीवरून सुटलेला वारा. एकदम भडका झाला आणि लोक खाली बसतात न बसतात तोच तो ओसरला. तडकलेला नारळ तेवढा धुमसत राहिला.

गोजरबाई थांबून होत्या. आणखी काही व्हायचं आहे असं त्यांना वाटत असावं. मग त्या मागे वळून अरुंधतीबाईंना म्हणाल्या:

"झालं? इतक्या जल्दी?"

अरुंधतीबाईंनी मान हलवली. कारभारी अजून तिथेच उभे होते, आणि त्यांच्या हातातला पुंजका अजून विझला नव्हता.